पंचेचाळिशीत फौजेत शिरलेला जमीनदार : थॉमस ग्रॅहम, लॉर्ड लिंडॉक

बखरकार

नेपोलियनच्या काळातल्या लढायांवर इथे बरंच लिहून झालंय, पण ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या हाताखालच्या एका सेनानीचं नाव अजून कुणी काढलेलं नाही. थॉमस ग्रॅहम, स्कॉटलंडच्या पर्थशायरमधल्या बालगोवनचा जमीनदार. चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत हा माणूस फौजेत एक दिवसही नव्हता. बासष्टीत तो लेफ्टनंट जनरल होता आणि स्पेनमध्ये नेपोलियनच्या एका मार्शलला हरवत होता.

जन्म १७४८चा. आई हॉपटनच्या अर्लची मुलगी. थोरले भाऊ आधीच वारलेले, त्यामुळे वडील गेले तेव्हा विशीही न गाठलेल्या या मुलाकडे सगळी जमीन आली. ऑक्सफर्डला थोडं शिक्षण, युरोपची सफर, पार्लमेंटच्या निवडणुकीत एकदा पराभव. त्या वर्गातल्या कुठल्याही तरुणाचं असावं तसंच आयुष्य.

२६ डिसेंबर १७७४ला त्याचं लग्न झालं. मुलगी मेरी कॅथकार्ट, वय सतरा. तिचे वडील लॉर्ड कॅथकार्ट रशियात राणी कॅथरीनच्या दरबारी ब्रिटिश राजदूत होते. मेरीच्या बहिणीचं, जेनचं, लग्नही त्याच दिवशी अथॉलच्या ड्यूकशी झालं. एका मुलीला ड्यूक मिळाला, दुसरीला बिनपदवीचा जमीनदार. पण दुसरीने मनातला माणूस निवडला याचं वडिलांना कौतुक होतं.

ग्रॅहमचं बायकोवर किती प्रेम होतं याचे बरेच किस्से सांगतात. लंडनमध्ये वाटमाऱ्यांनी गाडी अडवली तेव्हा त्याने उडी मारून एकाची गचांडी धरली. एडिनबरोच्या नाचाच्या समारंभाला निघताना तिची दागिन्यांची पेटी घरीच राहिली, तर हा वाटेत घोडे बदलत नव्वद मैल दौडून ती घेऊन आला. १७७७मध्ये गेन्सबरोने तिचं पूर्णाकृती चित्र रॉयल अकादमीत मांडलं आणि ती लंडनभर गाजली.

पण तिला क्षय होता. हवापालटासाठी पोर्तुगाल आणि स्पेन झालं, शेवटी १७९२मध्ये दक्षिण फ्रान्स. २६ जून १७९२ला इएर गावाच्या किनाऱ्याजवळ जहाजावरच तिने प्राण सोडला. मूलबाळ नव्हतं.

ग्रॅहम शवपेटी घेऊन फ्रान्समधून निघाला. क्रांतीचे दिवस होते, परदेशी माणसाच्या पेटीत शस्त्रं असतील असा संशय. टुलूझजवळ दारू प्यायलेल्या शिपायांनी पेटी फोडून उघडली. त्याआधी ग्रॅहम व्हिग, म्हणजे सुधारणावादी पक्षाच्या विचारांचा होता, फ्रान्समधल्या बदलांबद्दल त्याला सहानुभूती होती. ती त्या दिवशी संपली. मेरीला पर्थजवळच्या मेथ्वेन इथे दफन केल्यावर त्याला घरात राहवेना. दुसऱ्या वर्षी तो जिब्राल्टरला गेला आणि लॉर्ड हूडच्या ब्रिटिश आरमाराबरोबर स्वयंसेवक म्हणून, क्रांतिकारी फ्रेंच फौजेने वेढलेल्या टुलाँ बंदरात उतरला. पंचेचाळिसावा वाढदिवस त्याने त्या वेढ्यातच काढला. एक शिपाई पडला तशी त्याची बंदूक उचलून हा पहिल्या रांगेत त्याच्या जागी उभा राहिला. समोरच्या फ्रेंच तोफखान्यावर तेव्हा बोनापार्ट नावाचा एक तरुण अधिकारी होता.

तिथून परतल्यावर १७९४मध्ये ग्रॅहमने स्वखर्चाने पलटण उभी केली : ९०वी, पर्थशायर व्हॉलंटिअर्स. पुढचं सगळं आयुष्य तिथून सुरू होतं.

इंग्रजीत त्याच्यावर जे काही वाचायला मिळतं त्यात हा प्रवास प्रेमकथा म्हणून येतो. प्रेम खरंच होतं. पण बायको गमावलेली माणसं त्या काळात घरोघर होती. ग्रॅहमकडे जमीन होती म्हणून त्याच्या दुःखाची पलटण झाली. त्याचं आयुष्य वाचताना मला ही बाजू सतत दिसत राहते. तुम्हा मंडळींना काय वाटतं?

---

शर्वरी

सुरेख लिहिलंय. शवपेटीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. टुलाँनंतर सविस्तर लिहा ना, तुम्ही ऐन रंगात आल्यावर थांबलात.

---

कोरडवाहू

बखरकार, शेवटच्या परिच्छेदाबद्दल आभार. मी शेतकरी, मला पहिला प्रश्न जमिनीचाच पडतो. हा जमीनदार म्हणून कसा होता? आणि पलटण उभी केली म्हणजे नेमकं काय केलं? शिपाई आणले कुठून, त्याच्या कुळांमधूनच का?

---

बखरकार

शर्वरी, लिहितो. आधी कोरडवाहूंचं उत्तर.

जमीनदार म्हणून त्याचं नाव चांगलं होतं. कुळांना लांब मुदतीचे खंड दिले, शेतांना बांधबंदिस्ती केली, राहायला घरं बांधली. बटाटा आणि सलगम तोवर परसात लावत, ते त्याने मोठ्या रानात घ्यायला लावले. सलगमाचं महत्त्व असं की हिवाळ्यात गुरांना चारा नसे, म्हणून थंडीआधी बरीच जनावरं कापावी लागत. हे कंद साठवता आले की ती जगत. क्लीव्हलँडचे घोडे आणि डेव्हनची गुरं स्कॉटलंडमध्ये आणण्याचं श्रेयही त्यालाच देतात. आमंड नदीकाठची लिंडॉकची जमीन त्याने १७८०च्या दशकात विकत घेतली, पुढे पदवी घेतली ती तिच्याच नावाने.

आता पलटण. तेव्हाच्या ब्रिटिश फौजेत हुद्दे विकत मिळत. युद्ध लागलं की सरकार बड्या जमीनदारांना पलटण उभारायची सनद देई. माणसं जमवायची जबाबदारी त्यांची, बदल्यात हुद्दा त्यांचा आणि खालचे अधिकारी बरेचसे त्यांच्या पसंतीचे. डोंगराळ स्कॉटलंडमध्ये याचा जमिनीशी उघड संबंध होता : मुलगा भरती करा, खंडाची मुदत वाढवून घ्या. तिथल्या कित्येक पलटणी अशाच भरल्या. ९०वीच्या नावातच पर्थशायर आहे, आणि त्या जिल्ह्यात ग्रॅहमचा शब्द चाले. त्याच वर्षी तो तिथून पार्लमेंटवरही निवडून गेला आणि १८०७पर्यंत खासदार राहिला. जमीन, पलटण, खासदारकी ही तिन्ही एकाच माणसाकडे असणं त्या काळी कुणाला खटकत नसे.

---

कोरडवाहू

"मुलगा भरती करा, खंडाची मुदत वाढवून घ्या." याच्यावरच वेगळा धागा होईल. मालक भला असला तरी कुळाला नाही म्हणायची सोय नव्हती, एवढं मी नोंदवून ठेवतो.

---

निवृत्त फौजी

बखरकार, छान विषय घेतलात. लष्करी बाजूची थोडी भर घालतो.

९०वी पलटण हौशी जमीनदाराचं खेळणं नव्हती, याचं कारण त्याने निवडलेली माणसं. लेफ्टनंट कर्नल म्हणून घेतला रोलंड हिल. तो पुढे लॉर्ड हिल झाला, वेलिंग्टनचा सर्वांत भरवशाचा सेनापती. मेजर होता केनेथ मॅकेंझी. त्याने या पलटणीला हलक्या पायदळाचं शिक्षण दिलं : विरळ फळीत पसरायचं, आडोसा घ्यायचा, नेम धरून गोळी टाकायची. इंग्रजी पायदळात तेव्हा हे फारसं कुणी शिकवत नव्हतं. १८०१मध्ये इजिप्तमधल्या मंडोरा इथे फ्रेंच घोडदळ अंगावर आलं तेव्हा ९०वी जागची हलली नाही. ग्रॅहम त्या दिवशी तिथे नव्हता, तरी श्रेयातला वाटा त्याचा आहेच. चांगला माणूस ओळखणं आणि त्याला काम करू देणं, हा सेनापतीचा मोठा गुण.

दुसरी गोष्ट बढतीची. ग्रॅहमचा हुद्दा तात्पुरता धरला होता. खालून रीतसर चढत आलेला नाही म्हणून कायम हुद्दा द्यायला राजा आणि सेनामुख्यालय तयार नव्हते. आणि तो स्वस्थ बसला होता असंही नाही. १७९६मध्ये ऑस्ट्रियन फौजेबरोबर इटलीतल्या मांटुआच्या वेढ्यात अडकला. आत उपासमार, घोड्याच्या मांसावर दिवस काढणं चाललेलं. २४ डिसेंबरच्या रात्री वेश पालटून किल्ल्याबाहेर पडला आणि बर्फातून, फ्रेंच चौक्या चुकवत, जानेवारीच्या सुरुवातीला ऑस्ट्रियन सेनापती अल्विंट्झीपर्यंत निरोप पोचवला. वय अठ्ठेचाळीस. नंतर माल्टात व्हॅलेटाची नाकेबंदी त्याने चालवली. शहर १८००च्या सप्टेंबरात शरण आलं, पण त्याच्या थोडंसं आधी वरचा अधिकारी येऊन बसला होता. राबला हा, कागदावर सही दुसऱ्याची. फौजेत हे दुःख फार जुनं आहे.

शेवटी न्याय मिळाला तो ब्रिटिश सेनापती सर जॉन मूरमुळे. जानेवारी १८०९मध्ये स्पेनमधल्या कोरुन्याच्या लढाईत ग्रॅहम त्याच्याजवळ होता. गोळ्याने खांदा उडालेला मूर मरणाच्या दारात होता, आणि ग्रॅहमला कायम हुद्दा मिळावा ही मूरची इच्छा मायदेशी पोचवली गेली. मग कुठे त्या वर्षी मेजर जनरल. साठ पूर्ण झालेली होती.

---

शर्वरी

काका, तुम्ही लिहिता तेव्हा नकाशा समोर उभा राहतो. बारोसाच्या लढाईबद्दलही लिहाल का? बखरकारांनी मार्शलचा उल्लेख करून तसंच सोडून दिलंय.

---

निवृत्त फौजी

लिहितो, माझी आवडती लढाई आहे.

५ मार्च १८११. स्पेनमधल्या काडिझ शहराला फ्रेंचांचा वेढा. वेढा घालणाऱ्यांवर मागून हल्ला करायचा बेत होता. सरसेनापती स्पॅनिश, ला पेन्या. ग्रॅहमच्या हाताखाली पाचेक हजार ब्रिटिश आणि पोर्तुगीज. दुसऱ्याच्या हाताखाली काम करायची सक्ती त्याच्यावर नव्हती, मोहीम अडू नये म्हणून त्याने ते मान्य केलं. ला पेन्याने फौज रात्रभर चालवली. सकाळी माणसं पेंगत होती.

समुद्रकाठी बारोसाची टेकडी, तिच्या उत्तरेला पाइनचं रान. ग्रॅहमला हुकूम आला की टेकडी सोडून रानातून पुढे या. तो रानात शिरला आणि खबर आली की मार्शल व्हिक्टरच्या दोन डिव्हिजन, सुमारे सात हजार, मागून येताहेत, आणि टेकडी फ्रेंचांच्या ताब्यात गेली आहे. तिच्यावरची स्पॅनिश तुकडी निघून गेली होती.

आता ग्रॅहमपुढे काय होतं पाहा. फौज रानात लांबलचक पसरलेली, तोंड उलट दिशेला. पुढे जावं तर शत्रू पाठीत घुसणार. सरसेनापतीला विचारायला वेळ नाही. त्याने तिथल्या तिथे फौज वळवली. रांगा नीट लावायला सवड नव्हती, तेव्हा शत्रूला थोपवून धरायला मेजर ब्राउनची पाचशेच्या वर माणसांची तुकडी सरळ टेकडीवर पाठवली. उघडी चढण, वर तोफा आणि अख्खी डिव्हिजन. पहिल्याच फैरींत निम्मी तुकडी आडवी झाली. उरलेली पळाली नाही, आडोशाने गोळ्या झाडत राहिली. तेवढ्या वेळात गार्ड्स रानातून बाहेर पडले आणि टेकडीच्या बाजूने चढले. दुसरीकडे व्हीटलीच्या ब्रिगेडने दुसरी डिव्हिजन मोडली. ८७व्या आयरिश पलटणीने फ्रेंच आठव्या रेजिमेंटचं गरुडचिन्ह, म्हणजे निशाणाच्या काठीवरचा धातूचा गरुड, हिसकावलं. लढाईत ब्रिटिशांनी जिंकलेलं ते पहिलं गरुड. जिंकणारा सार्जंट मास्टरसन. ग्रॅहम स्वतः पुढे होता, त्याच्याखालचा घोडा मारला गेला.

दीड-दोन तासांत लढाई संपली. ब्रिटिशांचे बाराशेच्या वर मेले-घायाळ झाले, फ्रेंचांचे दोन हजारांच्या वर. एवढा वेळ ला पेन्या दोनेक मैलांवर होता आणि त्याने कुमक पाठवली नाही. दुसऱ्या दिवशी ग्रॅहम आपली फौज घेऊन काडिझलगतच्या बेटावर परतला. स्पेनने नंतर ड्यूकची पदवी देऊ केली, ती त्याने नाकारली.

मी याला महत्त्व देतो ते त्या वळण्याला. ब्राउनच्या माणसांना त्याने मरणाच्या तोंडी दिलं हे त्याला ठाऊक होतं. त्यांच्या जिवावर त्याने वीसेक मिनिटं विकत घेतली आणि बाकीची फौज वाचवली. असा हुकूम कागदावर सोपा दिसतो.

---

विदुला

मी एडिनबरोत राहते. मेरीचं चित्र इथल्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याबद्दल लिहायचा मोह आवरत नाही.

चित्र माणसाहून उंच आहे. ती खांबाच्या चौथऱ्याशी टेकून उभी, डोक्यावर पिसांची टोपी, मोत्यांचे सर, फिकट रेशमी झगा आणि त्याखाली गडद गुलाबी घागरा. हातातही एक पीस, खाली धरलेलं. पाठीमागे अंधारलेली झाडी. एवढ्या थाटात नजर मात्र आपल्याकडे नाही, बाजूला कुठेतरी लागली आहे. मी गेले की याच्यासमोर बराच वेळ थांबते. जवळ गेलं तर झग्याची चुणी म्हणजे नुसते भरभर मारलेले पांढरट फटकारे दिसतात, चार पावलं मागे सरलं की त्याचं रेशीम होतं.

ती गेल्यावर ग्रॅहमला हे चित्र पाहवेना. त्याने ते गुंडाळून लंडनमध्ये ठेवून दिलं आणि पुढची एक्कावन्न वर्षं, म्हणजे स्वतः मरेपर्यंत, पुन्हा पाहिलं नाही. त्याच्या वारसांनी, रेडगॉर्टनच्या ग्रॅहमांनी, ते पुढे १८५९मध्ये स्कॉटलंडला दिलं, देशाबाहेर न्यायचं नाही या अटीवर.

अजून एक. अलोआजवळचं शॉ पार्क हे मेरीचं माहेर. स्कॉटलंडमधला नोंद असलेला पहिला क्रिकेट सामना तिथे सप्टेंबर १७८५मध्ये झाला आणि त्यात ग्रॅहम खेळला होता. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांनी हे टिपून ठेवावं.

---

दर्यावर्दी

सगळं वाचलं, आवडलं. पण सॅन सेबास्टियनबद्दल कुणीच का बोलत नाही? कामानिमित्त मी त्या शहरात राहून आलोय. तिथे ग्रॅहमचं नाव वेगळ्या सुरात घेतात.

३१ ऑगस्ट १८१३. शहर स्पॅनिश, म्हणजे मित्राचं. आत फ्रेंच शिबंदी. वेढ्याची सूत्रं ग्रॅहमकडे. जुलैतला हल्ला फसला होता. या दिवशी ओहोटी पाहून अकराच्या सुमारास फौज उरुमेआ नदीच्या पात्रातून खिंडाराकडे निघाली आणि खिंडारात कापली जाऊ लागली. तेव्हा ग्रॅहमने स्वतःच्याच माणसांच्या डोक्यावरून तटावर तोफा चालवायला लावल्या. गोळे थोड्याशा फुटांवरून जात होते. मग तटावरच्या दारूगोळ्याला आग लागून मोठा स्फोट झाला आणि फौज आत शिरली. लष्करी दृष्टीने काका याला धाडस म्हणतील, आणि ते होतंच.

पण नंतर काय झालं? ब्रिटिश आणि पोर्तुगीज शिपायांनी शहर लुटलं. दारूची कोठारं फोडली, बायकांवर अत्याचार केले, नागरिक मारले. आगीत जवळजवळ सगळं शहर जळालं. घरांची जी थोडीशी रांग उरली त्या रस्त्याला आज ३१ ऑगस्टचं नाव आहे आणि दर वर्षी त्या रात्री तिथे मेणबत्त्या लावतात.

मला इथे टुलूझची शवपेटी आठवते. प्यायलेल्या शिपायांनी एका मेलेल्या बाईची विटंबना केली म्हणून हा माणूस फौजेत आला. एकवीस वर्षांनी त्याच्या हुकमतीखालच्या प्यायलेल्या शिपायांनी जिवंत बायकांचं जे केलं, त्याचा हिशेब कुठल्या बाजूला मांडायचा?

---

निवृत्त फौजी

दर्यावर्दी, तुमचा प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. हल्ला करून घेतलेलं शहर शिपायांचं, असा त्या काळी समज होता. स्पेनमधली स्यूदाद रोद्रिगो, बदाहोस ही शहरं घेतली तेव्हाही हेच झालं. दोन हजारांवर माणसं खिंडारात पडलेली, अधिकारी मेलेले, वरून स्फोट आणि आग. फ्रेंच शिबंदी डोंगरावरच्या किल्ल्यात अजून लढत होती, ती सप्टेंबरच्या आठव्या दिवसापर्यंत. ही कारणं झाली, सबब नाही. फौज आवरणं हे सेनापतीचंच काम. हुकूम कुणी दिला नसेल, पण जबाबदारी ग्रॅहमची आणि वेलिंग्टनचीही.

आपल्या वाचकांसाठी एवढंच, हा वेलिंग्टन म्हणजे १८०३मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला वेलस्ली. ग्रॅहमहून वीस वर्षांनी लहान, पण हुद्द्याने वरचा.

---

शर्वरी

शवपेटी आणि सॅन सेबास्टियन एकत्र ठेवून मी कधी विचारच केला नसता. दर्यावर्दी, हे लिहिलंत ते बरं केलंत.

---

बखरकार

दर्यावर्दी, मी मूळ लेख १७९४ला थांबवला होता, त्यामुळे हा भाग तुमच्याकडून आला. तुमचं म्हणणं मला पटतं. टुलूझच्या प्रसंगाला नाव आहे, चेहरा आहे, गेन्सबरोचं चित्र आहे, कारण ती जमीनदाराची बायको होती. सॅन सेबास्टियनच्या बायकांची चित्रं कुणी काढून ठेवलेली नाहीत. कोरडवाहूंनी कुळांबद्दल जे विचारलं ते आणि हे एकाच जातीचे प्रश्न आहेत.

शर्वरी, उरलेलं आयुष्य थोडक्यात. सरहद्दीवरची बिदासोआ नदी ओलांडून फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवलं आणि प्रकृतीमुळे सूत्रं मामेभाऊ सर जॉन होपकडे दिली. १८१४च्या मार्चमध्ये हॉलंडमध्ये बेर्गेन-ऑप-झूमवर रात्री हल्ला केला. तट चढून फौज आत गेली, पण तुकड्यांचा एकमेकींशी मेळ बसला नाही. सकाळी फ्रेंचांनी उलटून मारलं आणि निम्म्याहून अधिक माणसं मेली, जखमी झाली किंवा कैद झाली. हा त्याचा मोठा पराभव. तरी त्याच वर्षी तो बॅरन लिंडॉक झाला. बरोबर सालाना दोन हजार पौंडांचं निवृत्तिवेतन देऊ केलं होतं, ते त्याने घेतलं नाही. १८१५मध्ये लंडनला अधिकाऱ्यांसाठी युनायटेड सर्व्हिस क्लब काढला, कारण युद्ध संपून घरी आलेल्या अधिकाऱ्यांना एकत्र बसायला परवडेल अशी जागा नव्हती.

डोळ्यांनी फार छळलं, मोतीबिंदू काढावे लागले. तरी नव्वदी ओलांडल्यावरही प्रवास थांबला नाही. १८४२मध्ये राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडला येणार कळल्यावर स्वित्झर्लंडहून तो एडिनबरोला आला. १८ डिसेंबर १८४३ला लंडनमध्ये गेला, वय पंचाण्णव. पुन्हा लग्न केलं नाही. मूल नसल्याने पदवी त्याच्याबरोबरच संपली.

---

विदुला

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींसाठी : ॲडलेडजवळचं बारोसा खोरं, जिथली वाईन प्रसिद्ध आहे, ते या लढाईच्याच नावाचं. ॲडलेडची आखणी करणारा कर्नल विल्यम लाइट स्पेनच्या युद्धात लढला होता, त्याने १८३७मध्ये हे नाव दिलं. शेजारचं लिंडॉक गाव ग्रॅहमच्या नावाने. हिज्जे तेवढे कागदोपत्री बदलले.

---

कोरडवाहू

आणि ९०व्या पलटणीचं पुढे काय झालं?

---

निवृत्त फौजी

१८५७मध्ये ९०वी भारतात आली आणि लखनौच्या लढाईत होती. पुढे फील्ड मार्शल झालेला वुल्झली तेव्हा तिच्यात तरुण अधिकारी होता. १८८१मध्ये २६व्या कॅमेरोनियन पलटणीशी जोडून कॅमेरोनियन्स ही रेजिमेंट झाली आणि तीही १९६८मध्ये मोडली. लखनौच्या बाजूचं माझ्याकडे बरंच आहे. आपल्या लोकांच्या बाजूनेही लिहायचंय, तेव्हा वेगळा धागा काढतो. कोरडवाहू, तुम्ही भरती आणि खंडाचा काढा, मी तिथे येईन.